आधी घोडा, मग स्वार

लहानपणी आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांची गर्दी असायची. घोडेस्वार मोजकेच, कारण ते महाग. त्या घोड्यांच्या पायांमधली पोकळी मातीनेच बुजवलेली असे. आम्हाला त्यात काही खटकत नसे.

नोकरीपायी इंग्लंडला गेलो, तर तिथे चांगली पिकल्या केसांची माणसं फासे आणि फूटपट्टी घेऊन टेबलावर लढाया खेळताना दिसली. एच. जी. वेल्सने १९१३ मध्येच या खेळावर ‘लिटल वॉर्स’ लिहून ठेवलं होतं. मी १४१५ च्या ॲजिनकोर्टच्या लढाईतली फ्रेंच बाजू घेतली. खरं तर त्या दिवशी बहुतेक फ्रेंच सरदार पायीच लढले. पण घोड्यांशिवाय मला मौज नाही.

या खेळातले छोटे स्वार २८ मिलिमीटर मापाचे. आता मुख्यतः कथलाचे, पूर्वी शिसं जास्त. गरगर फिरणाऱ्या रबरी साच्यात वितळलेला धातू ओततात आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक रेघ उमटते. म्हणून पाकीट फोडलं की मी आधी घोडा उलटा करून पोट बघतो, मग तोंड. पोटावरची रेघ कानशीने जाते. नाकपुड्यांवरून गेलेली घासायला जावं, तर नाकपुड्याच जातात.

मग चाल. जुने कारागीर चौखूर उधळलेल्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून त्याला हवेत तरंगवत. मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे फोटो काढले आणि दिसलं, की चारी पाय अधांतरी असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तरीही ताणलेले घोडे अजून विकले जातात, वर पोटाला टेकू म्हणून एक झुडूप.

सगळ्यात खटकते ती उंची. सरदाराचा घोडा म्हणजे गाडीला जुंपायचं धूड, अशी अनेकांची समजूत. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या जुन्या घोड्यांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्ययुगातले बहुतेक घोडे खांद्याशी चार फूट दहा इंचांपेक्षा बुटके निघाले. क्लबातले मित्र हळहळले. भीमथडीच्या तट्टांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटलं नाही.

स्वाराचं काम सोपं. उंच खोगिरात पाठ टेकलेली, पाय रिकिबीत सरळ ताठ. गुडघे जॉकीसारखे दुमडलेले असतील तर तो भाला पेलणारा गडी नव्हे. डोकं बादलीसारख्या बंद शिरस्त्राणात असेल तर तो तेराव्या शतकातला, ॲजिनकोर्टला त्याचं काय काम? ओतीव भाला मात्र हात लागताच वाकतो. तो कापून पोलादी तार बसवावी; टोक बोथट करायला विसरू नका.

हौस असेल तर जरूर घ्या, पण दुकानदार स्वाराच्या ढालीवरची नक्षी दाखवू लागला, की घोडा मागून घ्या. घोडा फसला असेल तर वरचा स्वार कितीही देखणा असो, पैसे खिशातच राहू द्या.