बिनकामाचा प्रवासी

कुठे तरी पोहोचायचे म्हणून आगगाडीत बसणारी माणसे निराळी आणि केवळ बसायचे म्हणून बसणारी निराळी. मी दुसऱ्या पंथाचा. सौ.ने या पंथाला आणखीही एक नाव ठेवले आहे. पण सणासुदीला ते लिहिण्याजोगे नाही.

मुंबईत मोनोरेल सुरू झाली २०१४ साली, वडाळा ते चेंबूर. २०१९च्या मार्चात ती सात रस्त्यापर्यंत वाढून वीसेक किलोमीटरांची झाली आणि मे महिन्यात आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने भाचीकडे चेंबूरला गेलो. मंडळी समुद्र पाहायला निघाली. मी मोनोरेलचा जिना चढलो.

काय तिचा डौल! दोन रुळांऐवजी काँक्रीटची एकच तुळई. रबरी चाके तिच्या माथ्यावरून धावतात आणि आडवी चाके दोन्ही कुशी धरून तोल सांभाळतात. आपल्या देशाला हा प्रकार अगदीच नवा नव्हे. पतियाळा संस्थानात १९०७ पासून वीस वर्षे एकरुळी गाडी होती. बाजूचे एक चाक रस्त्यावर टेकवून ती तोल राखी. तिचे वाफेचे इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपले आहे.

आणि इथल्या स्थानकांची नावे! आचार्य अत्रे नगर, आंबेडकर नगर आणि शेवटी संत गाडगे महाराज चौक. मराठीच्या मास्तराला आणखी काय हवे? आमच्या विदर्भातले बाबा तिथे भेटणार म्हणून मी खुशीत होतो.

डब्यात हवी ती खिडकी मिळत होती. समोर पिशवी घेऊन बसलेल्या बाईंनी विचारले,

"कुठे उतरणार तुम्ही?"

"कुठेच नाही. याच गाडीने परत."

त्या हसल्या. "बरंय तुमचं. मला मात्र ही चुकली की कामावर खाडा. पुढची लवकर येत नाही."

मला एकदम आर्वी आठवली. पुलगाव–आर्वी ही आमच्या वर्धा जिल्ह्यातली ३५ किलोमीटरांची छोटी गाडी. अडीच फुटी रुळांची, १९१७ साली कापसासाठी सुरू झालेली. आर्वी माझे आजोळ. गाडी बंद पडली त्या दिवशी मामा जेवले नाहीत. पण त्याआधी कित्येक वर्षे ते पुलगावला एस.टी.नेच जात. गाडी हळू, फेऱ्या थोड्या. त्यांचे तरी काय चुकले?

मोनोरेलच्याही गाड्या मोजक्या आणि बाके रिकामी. २० सप्टेंबर २०२५ पासून ती सुधारणांसाठी थांबवली. वर्तमानपत्रात हे वाचताना मला ना तुळई आठवली, ना चाके. माझ्यासारख्यांच्या प्रेमावर गाडी चालत नाही. ती चालते रोज तिकीट काढणाऱ्यांवर, आणि ते येतात ती वेळेवर आली तरच. माझी हौस काय, दुसऱ्या गाडीतही भागेल. त्या बाई मात्र दुसऱ्या दिवशी कामावर कशा गेल्या असतील?