मायक्रोव्होल्टची थकबाकी

संध्याकाळी कॅश जुळवताना लाखाचा फरक लगेच सापडतो. तो दडणार कुठे? दहा रुपयांचा फरक मात्र माणसाला शेवटची फास्ट लोकल चुकवायला लावतो. मोठ्या चुकीपेक्षा लहान चूक जास्त छळते, हे इंजिनियरिंगच्या चार वर्षांत माझ्या भाच्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

त्याची पहिलीच ऑर्डर! एका भट्टीतल्या आठ जागांचं तापमान आळीपाळीने मोजणारं यंत्र. भांडवल, माझ्या बहिणीच्या गहाण पडलेल्या बांगड्या. चूक अर्ध्या अंशाच्या आत हवी, ही अट. आणि यंत्र तापलं की आकडे दीड अंश सरकत.

"मामा, के टाइपचं थर्मोकपल एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं."

"आमच्या बचत खात्याच्या व्याजासारखंच की!"

दोष रिलेत निघाला. रिले म्हणजे विजेने चालणारं बटण, एवढं मी लॅमिंग्टन रोडला पोचेपर्यंत शिकलो. दुकानात पहिला आला तो पहिलवान, २३० व्होल्टवाला, चांदीच्या संपर्कांचा. पण चांदी काळवंडते. दिवाळीला माळ्यावरून काढलेल्या वाट्या आठवा. मोठा दाब तो थर फोडून जातो, आपले मिलिव्होल्ट दारातूनच परत फिरतात. म्हणून सोन्याचा मुलामा हवा. दुसरा आला सेमीकंडक्टरचा. त्याला ना आवाज, ना झीज, पण बंद केला तरी आमच्या चाळीतल्या नळासारखा ठिबकणारा.

भाच्याने बसवले होते ते काचेच्या नळीतले रीड रिले. दिसायला गोजिरवाणे! पण त्यांच्या पट्ट्या लोखंड-निकेलच्या आणि बाहेरची तार तांब्याची. दोन धातू जोडले आणि एक टोक जास्त तापलं की वीज निर्माण होते, हे झेबेकने १८२१ सालीच पाहिलं होतं. रिलेचं वेटोळं तापतं, एक टोक दुसऱ्यापेक्षा एखाद्या अंशाने गरम होतं, आणि हे महाशय स्वतःच थर्मोकपल होऊन पदरचे तीसचाळीस मायक्रोव्होल्ट हिशेबात घालतात. ऑडिटरने तपासायला यावं आणि आपल्याच जेवणाचं बिल फायलीत लावून जावं, तसं.

मग ठरलं : कमी औष्णिक व्होल्टेजचे, दोन्ही तारा एकदमच जोडणारे, आणि लॅचिंग. लॅचिंग म्हणजे एकदा धक्का दिला की वीज न खाता तिथंच बसून राहणारा. असे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, पण ते पगार खातात.

किंमत ऐकून भाचा खाली बसला.

"साहेब, आत सोनं आहे," दुकानदार म्हणाला.

आईच्या बांगड्या शेवटी सोन्यातच गेल्या, हे तिला कोणी सांगायचं, यावर आमचं दादरपर्यंत एकमत झालं नाही.