आड आणि पोहरा

मी एम. ए. झालो तो मराठी घेऊन. प्रयोगशाळेशी माझा संबंध मुख्याध्यापक या नात्याने येतो, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरवर सही करण्यापुरता. तरीही विज्ञानासाठी सरकार किती पैसा देते, या बातमीपाशी माझी नजर हमखास थबकते.

अलीकडच्या बातम्या मोठ्या आहेत. २०२३ साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा संकल्प सोडला गेला; त्यांतले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून यावयाचे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १ लाख कोटींच्या संशोधन निधीला मंजुरी दिली. तो मुख्यतः खाजगी उद्योगांना अल्प वा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीची कर्जे देण्यासाठी आहे. आकडे वाचून ऊर भरून येतो. परंतु २०२०-२१ चा हिशेब पाहावा, तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांमागे संशोधनावर खर्च झाला जेमतेम ६४ पैसे. दक्षिण कोरियात हाच खर्च चार रुपयांहून अधिक आहे.

मला मात्र याहून लहान आकडा छळतो. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ साली दिल्लीत अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनी सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. दरसाल सुमारे २,००० मुले निवडली जात. अकरावी-बारावीला महिना १,२५० रुपये, पदवीपासून पुढे २,०००. ३१ मार्च २०२१ नंतर या योजनेला मुदतवाढ मिळाली नाही आणि परीक्षा थांबली.

पुढच्याच वर्षी दहावीतली एक मुलगी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. गाव खानापूरकडचे, वडील दुसऱ्याच्या रानात राबणारे. "सर, ती दिल्लीची परीक्षा यंदाबी नाही काय?" मी नाही म्हणालो. निकालानंतर तिच्या वडिलांना बोलावून विज्ञान शाखेविषयी समजावले. ते म्हणाले, "सर, सायन्सला पैसे लागत्यात. दर महिन्याला कुठनं आणू?" मुलगी कॉमर्सला गेली. हुशार आहे, तिथेही नाव काढील. पण गणित आणि विज्ञानात तिच्याइतके प्रश्न विचारणारे मूल आमच्या शाळेत त्या साली दुसरे नव्हते.

'इन्स्पायर-मानक'मधून शाळकरी मुलांना उपकरण बनवण्यासाठी १०,००० रुपये मिळतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते एकदाच मिळतात. घरची चूल दर महिन्याला पेटवावी लागते, आणि मुलाच्या शिक्षणाचा निर्णय त्या चुलीपाशीच होतो.

आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? आज आपण पोहरा उत्तम घडवीत आहोत. कर्ज मिळाले की कारखाना उभा राहील, यंत्रे येतील. त्या यंत्रांपुढे बसणारी माणसे आज कुठल्यातरी आठवी-नववीच्या बाकावर आहेत.

मराठीचा मास्तर असलो तरी एवढा गुणाकार मला येतो. २,००० मुले, महिना १,२५० रुपये, बारा महिने : एका वर्गाचा वर्षाचा खर्च ३ कोटी. १ लाख कोटींच्या वहीत एवढी एक ओळ मावायला हरकत नसावी.