टेपचा आवाज वाढवायला गेलो, आणि आबांच्या कानापर्यंत पोचलो

पोस्ट लांबली आहे. सुरुवात गाडीच्या टेपपासून होते आणि शेवट मागाच्या शेडमध्ये. इचलकरंजीकरांनी तरी पूर्ण वाचावी ही विनंती.

मागच्या दिवाळीत सेकंडहँड गाडी घेतली. सात वर्षं चाललेली छोटी हॅचबॅक. टेप कंपनीचाच, चार दरवाजांना चार स्पीकर. गाडीचं मुख्य काम एकच, दर पौर्णिमेला आई आणि आबांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जाणं.

आबा आता ७१ वर्षांचे आहेत. ३४ वर्षं साध्या मागावर काढली. गाडीत बसले की त्यांना कीर्तन लागतं. मी मोबाईल जोडून लावायचो.

"मोठं कर."

मी वाढवायचो.

"अजून कर की."

आणखी वाढवायचो. शेवटी टेपचा आकडा ३० वर जायचा, दरवाजाची पट्टी थरथरायला लागायची, बायको कानावर हात ठेवायची. आणि मागून आबा ओरडायचे, "अरं, केवढ्यानं बोंबलतोय त्यो! पण म्हणतोय काय त्ये कळंना!"

आम्ही सगळे हसायचो. मीही. मला वाटलं, टेपच फुसका आहे. १० हजार बाजूला काढले आणि ठरवलं, आबांसाठी गाडीचा आवाज वाढवायचाच.

दुकानात गेलो. पोरगं हुशार होतं. "भावा, कंपनीचा टेप काढून टाक. हा बसव, ४ गुणिले ५० वॉट. मागं १२०० वॉटची बेसट्यूब टाकू. चौकात गाडी आली की लोकांनी वळून बघितलं पाहिजे." मी जवळजवळ पैसे काढले होते. सोबत गल्लीतला एक वायरमन दोस्त होता. त्यानं तो टेप उलटा केला आणि मागचा फ्यूज दाखवला. १० अँपिअर.

"गणित कर," म्हणाला. "गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट. गुणिले १०. किती झाले?"

१४४ वॉट. म्हणजे टेप आत ओढणारच १४४, त्यातला बराचसा गरम होण्यात जाणार, आणि खोक्यावर लिहिलंय २००. ते २०० येणार कुठून? वेगळा अँप्लिफायर नसेल तर कुठलाही टेप एका स्पीकरला सलग, न फाटता साधारण १८ ते २२ वॉटच देतो. कंपनीचा पण तेवढाच आणि हा नवा पण जवळपास तेवढाच. वरचे आकडे क्षणभराच्या उसळीचे असतात.

मग त्यानं जे समजावलं ते लिहून ठेवतो. कुणाचे तरी पैसे वाचतील.

वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. त्यामुळे २० चे ४० वॉट केले तर खिशाला कळतं, कानाला फारसं कळत नाही.

त्यापेक्षा स्पीकर बघायचा. स्पीकरच्या खोक्यावर सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा असतो. एका वॉटला, एक मीटर अंतरावर किती डेसिबल, तो हा आकडा. ८७ चा स्पीकर काढून ९१ चा लावला तर ४ डेसिबल मिळाले. वॉटच्या भाषेत ही अडीचपट ताकद झाली, तीसुद्धा त्याच टेपवर.

दुसरं म्हणजे दरवाजा. स्पीकरचा पडदा पुढं आवाज फेकतो तसा मागंही फेकतो. दरवाजाच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. मागचा आवाज त्यातून फिरून पुढच्याला मारतो आणि खालचे सूर गायब होतात. ती भोकं बंद करून पत्र्याला डँपिंग शीट चिकटवली की तोच स्पीकर वेगळा वाजतो. पाणी निघून जायची खालची छिद्रं मात्र बुजवायची नाहीत, नाहीतर दरवाजा सडतो.

तिसरं, ताकद खातो तो बेस. दरवाजातल्या लहान स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचं काम लावू नका. टेपमध्ये फिल्टरची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर बेसचा आकडा खाली आणा. स्पीकर मोकळा होतो आणि न फाटता बराच वर चढतो.

आणि वायर. चारपैकी एका स्पीकरच्या प्लस-मायनसची अदलाबदल झाली तरी आवाज पोकळ होतो. कंपनीची वायर कापायची नाही, कपलर लावायचा. पुढं कधी अँप्लिफायर टाकलाच तर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. तो नसेल आणि वायर कुठं पत्र्याला घासली तर गाडी पेटते.

माझा खर्च असा झाला. पुढच्या दोन दरवाजांना कंपोनंट स्पीकर, म्हणजे ट्विटर वेगळा असतो तो सेट, ४,२०० रुपये. डँपिंग शीट २,४००. रिंगा आणि कपलर ६००. मजुरी १,०००. एकूण ८,२००. टेप कंपनीचाच ठेवला, बेसट्यूब घेतली नाही. मागचे दोन स्पीकर जुनेच आहेत, त्यांचा आवाज कमी केला.

पुढची पौर्णिमा आली. कीर्तन लावलं. आम्हाला सगळ्यांना जाणवलं की गाडी बदलली. आकडा १८ वर आणि आवाज स्वच्छ. मी कौतुकाच्या अपेक्षेनं आरशात आबांकडं बघितलं.

"मोठं कर," आबा म्हणाले.

खरं सांगतो, राग आला. २४ पर्यंत नेला तर लगेच "अरं, कमी कर, कानठळ्या बसल्या!" मग २० वर. "आता आवाज येतोय. शब्द कळंनात."

शिरढोणच्या पुढं गाडी बाजूला घेतली. आबांना पुढं बसवलं. बेस पार खाली नेला आणि ट्रेबल वर. आम्हाला ते पत्र्यावर खडे टाकल्यासारखं ऐकू येत होतं. आबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आता कळतंय."

तिथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की बिघाड टेपमध्ये नव्हता.

कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कान बघितले, नाव-वय विचारलं आणि पुढचा प्रश्न, "मागावर होता का?" आबांना तो प्रश्नही ऐकू गेला नाही. मी हो म्हणालो. ऑडिओमेट्री झाली. कागदावरची रेघ खालच्या सुरांना बरी होती, आणि ४,००० हर्ट्झच्या आसपास दरीत कोसळल्यासारखी खाली गेली होती. दोन्ही कानांत सारखीच.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. सतत मोठ्या आवाजात काम केलं की कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात. आधी मरतात त्या वरच्या सुरांच्या. त्या पुन्हा येत नाहीत, औषध नाही, ऑपरेशन नाही. बोलण्यातले स्वर, आ, ओ, ऊ, हे खालच्या सुरातले, ते ऐकू येतात. स, श, च, त, फ यांची ओळख पटते ती वरच्या सुरात, ती जाते. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतो, शब्द कळत नाहीत." आणि अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, पण थोडा वाढवला की एकदम टोचतो. म्हणून "मोठं कर" आणि "केवढ्यानं बोंबलतोय" ही दोन्ही वाक्यं एकाच मिनिटात येतात.

मी तिथं बसून मागची पंधरा वर्षं आठवत होतो. जेवताना आबा बोलायचे थांबले होते. लग्नात कोपऱ्यात बसायचे. फोन आईकडं द्यायचे. नातवंडं काही सांगायला गेली की नुसतं हसून मान हलवायचे. आम्ही म्हणायचो, आबा आता शांत झालेत, वय झालं. त्यांचा विषय निघाला की मी लोकांना सांगायचो, "त्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं." लाज वाटली.

आता शेडकडं येतो.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. त्यावर हे गाव उभं राहिलं, माझं शिक्षणही त्यावरच झालं. लहानपणी आबांचा डबा घेऊन शेडमध्ये जायचो. दारातच आवाज छातीवर आदळायचा. धोटा इकडून तिकडं, खटाक-खटाक, एकदम वीस-चोवीस माग. आत कुणी बोलायचं नाही, सगळं खाणाखुणांवर. कांडी संपली, बीम संपला, चहा आला, प्रत्येकाची खूण वेगळी. मला ती गंमत वाटायची.

हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर असतो. ८५ ला आठ तास ही जगभर मानली जाणारी सुरक्षित मर्यादा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडं कारखान्यांसाठी ९० डेसिबलला आठ तास अशी मर्यादा धरली गेली. आबांची पाळी १२ तासांची होती.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळं येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवलेला होता. भरपाईच्या कायद्यातही आहे. कागदावर सगळं आहे. पण आबांनी ३४ वर्षांत पाच मालकांकडं काम केलं. मजुरी मीटरवर. हजेरीचा कागद एकाचाही हातात नाही. हा बहिरेपणा कुणाच्या शेडमध्ये आला, हे सिद्ध कसं करणार? आणि छोट्या शेडपर्यंत कारखाना कायदा पोचतच नव्हता.

मालकांवर आग ओकायची म्हणून हे लिहीत नाही. आठ-दहा मागांचा मालक स्वतःच पाळी करतो. त्याचे कानही तेच ऐकतात. आबांच्या दोन जुन्या मालकांना घरी जाऊन भेटलो, दोघांशीही ओरडूनच बोलावं लागलं.

आपल्या गावात आवाजावर चर्चा होते ती गणपतीत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट, हे नियम २००० सालापासून आहेत आणि ते पाळायलाच हवेत. मिरवणुकीत मीटर घेऊन उभे राहिलेले पोलीस मी पाहिलेत. पण रोज १२ तास वाजणाऱ्या शेडमध्ये मीटर घेऊन आलेला माणूस ना आबांनी कधी पाहिला, ना मी.

म्हणून काही गोष्टी मांडतो.

महापालिकेनं यंत्रमाग कामगारांसाठी वर्षातून एकदा प्रभागवार मोफत श्रवण तपासणी ठेवावी. नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्यांनी हे जाहीरनाम्यात घ्यावं. मी पाठपुरावा करणार आहे.

मालकांनी फोमचे इअरप्लग ठेवावेत. किंमत चहा-वड्याएवढी. आबा म्हणतात, "मागाचा सूर बदलला की बिघाड कळतो, कान बंद करून कसं चालंल?" बरोबर आहे. पण प्लग लावल्यानं आवाज बंद होत नाही, कमी होतो. चार दिवसांत सवय होते असं हल्लीची पोरं सांगतात.

घरात "शब्द कळत नाहीत" म्हणणारं कुणी असेल तर हसू नका, तपासणी करा. कधी नुसता मळ असतो, तो निघतो. श्रवणयंत्र लागलंच तर ६५ वर्षांवरच्या, २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदा ३,००० रुपयांची तरतूद आहे. त्यात पूर्ण भागत नाही, पण विचारून बघा.

आणि बेसट्यूबवाल्या भावांनो, काचा बंद करून १०० डेसिबलला १५ मिनिटं हा हिशोब तुमच्याही कानाला लागू आहे. आबांना निदान त्या आवाजाचे पैसे तरी मिळत होते.

आबांना यंत्र घेतलं. पहिला आठवडा ते कपाटातच होतं, "भांड्यांचा आवाज लई येतोय" म्हणून. मग रोज एक तास, दोन तास असं करत आता दिवसभर असतं. परवाच्या पौर्णिमेला पुढच्या सीटवर बसले होते. टेप १२ वर. बुवांनी कीर्तनात सुनेचा काहीतरी विनोद केला, माझं लक्ष ट्रॅक्टर ओलांडण्यात होतं. आबा एकटेच खदाखदा हसले. मागून आईनं विचारलं, "काय झालं?" आणि आबांनी तिला तो विनोद पहिल्यापासून सांगितला.

तुमच्या घरात मागावर काम केलेलं कुणी असेल तर त्यांच्या कानाची तपासणी झाली आहे का, कमेंटमध्ये लिहा. यादी घेऊनच महापालिकेत जाऊ.