अर्जातील एक रकाना

मुलुंडच्या एका वाचनालयाने गेल्या आश्विनात माझ्याकडे एक छापील अर्ज धाडला. विज्ञान आणि धर्म यांच्या संबंधाविषयी महाराष्ट्रात जो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यात ज्याने मोलाची भर घातली अशा एका व्यक्तीचा दरवर्षी बहुमान करावा, असा ठराव त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाने केला होता, आणि पहिल्या वर्षी शिफारस करणाऱ्यांच्या यादीत माझेही नाव घातले होते. अर्जात चार रकाने होते: नाव व पत्ता, ग्रंथसंपदा, गाजलेली भाषणे, आणि शेवटी ‘कोणत्या मताचे खंडन केले’. तळाशी बारीक टायपात एक अट होती, शिफारस केलेली व्यक्ती हयात असली पाहिजे. पहिले तीन रकाने भरण्यात काही अवघड नव्हते. चौथ्यापाशी मात्र माझी लेखणी थांबली, आणि ती का थांबली याचा विचार करता करता मला घाटकोपरची एक दुपार आठवली, जिची हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी अर्धीच सांगितली आहे.

तो दिवस २१ सप्टेंबर १९९५ चा, गुरुवारचा. गणपती दूध पितो ही वार्ता पहाटे दिल्लीकडून निघाली आणि कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास मुंबईच्या उपनगरांतील गल्लीबोळांपर्यंत येऊन पोहोचली. आमच्या वाडीतील लहानशा देवळापुढे दुपारपर्यंत अशी रांग लागली की तिचे टोक हमरस्त्याला जाऊन भिडले. माझी आत्या, जिला सारी वाडी माई म्हणून ओळखत असे, सकाळपासून तांब्यात पावशेर दूध घेऊन त्या रांगेत उभी होती. मी त्या वेळी पदवी घेऊन नुकताच नोकरीला लागलेला, विज्ञानाचा अभिमान बाळगणारा तरुण होतो. त्या रांगेची मला लाज वाटत होती, आणि त्या रांगेत माझ्याच घरचे माणूस आहे याची अधिक.

माईची पाळी यायला आणि शाळेतून निवृत्त झालेले आमचे मास्तर तेथे यायला एकच गाठ पडली. मास्तरांनी वाडीतील तीन पिढ्यांना पदार्थविज्ञान शिकवले होते. त्यांनी पायांतली वहाण बाहेर काढली, पुजाऱ्याची परवानगी मागितली, मग माईची मागितली. आणि तिच्याच हातातल्या पळीत, तिच्याच दुधात, देवापुढच्या करंड्यातले चिमूटभर कुंकू टाकून ती पळी तिच्याच हाती परत दिली. माईने ती सोंडेला लावली. पळीतले दूध नित्याप्रमाणे कमी होऊ लागले. पण पांढऱ्या संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा जो ओघळ सकाळपासून कोणाला दिसला नव्हता, तो आता तांबड्या रेघेसारखा सोंडेवरून पोटावर, पोटावरून मांडीवर आणि तेथून पाटावर उतरत गेलेला गाभाऱ्यातल्या साऱ्यांना दिसला. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले की काठोकाठ भरलेली पळी ओल्या दगडाला टेकली म्हणजे पृष्ठताणामुळे दूध आपण होऊन दगडाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली सरकते. यात देवाची निंदा नाही, दुधाचा स्वभाव आहे. त्याच दिवशी दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून हाच खुलासा केला, हे आम्हाला मागाहून वर्तमानपत्रांतून कळले.

माझी हकीकत मी नेहमी येथे संपवीत असे. विज्ञानाचा जय झाला, माई खजील झाली, असा त्याचा अर्थ ऐकणारा काढी आणि मी तो काढू देत असे. वस्तुतः माई खजील झालीच नव्हती. तिने ती तांबडी रेघ खालपर्यंत नीट न्याहाळली, पदराने पाटावरचे दूध पुसले आणि ती म्हणाली, “मास्तर, दूध कुठं जातं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उद्या कुणी विचारलं तर तसंच सांगेन. पण मी सकाळपासून त्याला दूध पाजायला उभी नव्हते हो. एवढी वर्षं मी देतेय. आज त्यानं माझ्या हातचं काही घेतलं, असं वाटलं, म्हणून उभी होते. त्याचं काही या पळीत दिसतं का?”

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर रांग कुरकुरत होती. मग ते म्हणाले, “नाही, माई. तेवढं नाही दिसत.”

दुसऱ्या दिवशी वाडीच्या नळावर बायकांनी विचारले तेव्हा माईने दूध ओघळते, आपण पाहिले, असे चारचौघींत स्वच्छ सांगितले. तिची पूजा पूर्वीसारखीच चालू राहिली. मास्तरही त्या देवळाच्या पायरीवर संध्याकाळी पूर्वीसारखेच येऊन बसत, आणि विषय निघालाच तर आपल्या पळीने काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे दोन्ही सांगत. विज्ञान आणि धर्म यांच्या वादातली मी प्रत्यक्ष पाहिलेली सर्वांत मोठी कामगिरी हीच, असे आज मी पूर्ण विचारान्ती म्हणतो. इतकी वर्षे तिचा उत्तरार्ध मी गाळला, ही चूक माझी.

आपल्याकडे वाद ही गोष्ट नवी नाही. शास्त्रग्रंथांची रीतच अशी की आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, तोही असा की प्रतिपक्षीयाने मान डोलवावी, आणि मगच सिद्धान्ताकडे वळावयाचे. ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता आला नाही त्याच्या सिद्धान्ताला पंडितसभेत किंमत नसे. १८५७ च्या आरंभीच्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जे जाहीर वाद झाले, त्यांना श्रोत्यांची दाटी होई आणि त्यांचे वृत्तान्त पुढे छापूनही निघाले. तो धर्माचा धर्माशी वाद होता, विज्ञान त्यात गौण होते; परंतु भर वाळूत उभे राहून परक्याचा आक्षेप पुरा ऐकून घेण्याची सवय या शहराला त्या काळीही होती, एवढे त्यावरून दिसते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे या रीतीचे अर्वाचीन काळातील थोर वारस. ज्यांनी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली त्यांना धर्मशास्त्र मुखोद्गत होते, म्हणूनच त्यांच्या समीक्षेला धार होती; १९५५ साली साहित्य अकादमीचा मराठीतला पहिलाच पुरस्कार त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला, हे त्या अकादमीलाही भूषणावह झाले.

उलट समाजसुधारक आगरकरांच्या वाट्याला काय आले, ते सर्वविदित आहे. त्यांच्या हयातीत पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली, आणि १८९५ साली, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते खरोखरच गेले.

माझ्या पिढीने या वादाचे जे सर्वोत्तम रूप पाहिले ते दोन डॉक्टरांमुळे, आणि दोघेही मूळचे साताऱ्याचे. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पुढे रंगभूमीचे सम्राट. नरेंद्र दाभोलकर वैद्यकी सोडून १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीला वाहून घेतलेले. ‘विवेकजागराचा वादसंवाद’ या नावाने दोघे गावोगाव एकाच व्यासपीठावर बसत. लागूंचे म्हणणे असे की परमेश्वर ही कल्पनाच सर्व अंधश्रद्धांचे मूळ आहे, तिला आता निवृत्त करावे. दाभोलकरांची भूमिका अशी की समितीचा झगडा देवाधर्माशी नाही, देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या शोषणाशी आहे. ज्याला प्रार्थनेतून बळ मिळते त्याच्याशी आम्हाला भांडावयाचे नाही. ध्येय एक असलेल्या दोन स्नेह्यांनी आपला मतभेद झाकून न ठेवता, लोकांसमोर, हजारांच्या साक्षीने मांडावा, आणि तो मतभेद शेवटपर्यंत मिटलाही नाही तरी स्नेहाला बाध येऊ नये, हे दृश्य मला अजून विलक्षण वाटते. आपल्या मित्राच्या जहाल मताशेजारी बसून आपले मवाळ मत राखणे यास किती धैर्य लागते, याची कल्पना सभेत टाळ्या कोणाला पडतात हे ज्याने पाहिले आहे त्याला येईल. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरावयास निघालेल्या दाभोलकरांवर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला, डिसेंबरात कायदा झाला, आणि पद्मश्री पुढल्या वर्षी मिळाली. या तिन्ही गोष्टी पाहावयास ते नव्हते.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या वाट्याला मानसन्मान हयातीत आले, ही समाधानाची गोष्ट. पद्मविभूषण, महाराष्ट्रभूषण, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, सारे मिळाले. तथापि त्यांच्या एका लहानशा प्रयोगाला मी या सर्वांच्या बरोबरीने मान देतो. फलज्योतिषाची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी, दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह, २०० मुलांच्या जन्मवेळा जमविल्या. त्यांतली १०० अतिशय हुशार, १०० मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या द्यावयाच्या आणि मूल कोणत्या वर्गातले ते केवळ कुंडलीवरून सांगण्यास विनवावयाचे, अशी योजना. अटी आधी जाहीर केल्या होत्या, निकालाची रीत आधी ठरली होती. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांतली सरासरीने शेकडा ४६ बरोबर, म्हणजे नाणे उडवून जितकी यावीत त्याच्या आसपास. निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. हा वृत्तान्त सांगताना आम्ही सारे नारळीकरांचे नाव घेतो आणि त्या सत्तावीस जणांना विसरतो. आपल्या विद्येवर आणि पोटावरही गदा येईल अशा परीक्षेला ते स्वखुशीने बसले. कित्येक त्यांचे व्यवसायबंधू बसले नाहीत. सत्यशोधनात त्यांचा वाटा नाही असे मला म्हणवत नाही.

आमच्याच उपनगरांत, पार्ल्यातल्या इर्ल्याच्या चर्चमध्ये २०१२ च्या मार्चात क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी जागेची पाहणी करून दाखविले की तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढून खिळ्याच्या भोकावाटे बाहेर येत आहे. लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही हा शोध महत्त्वाचा होता. पुढे दूरचित्रवाणीवर शब्दाने शब्द वाढला, धार्मिक भावना दुखावल्याच्या फिर्यादी पोलीस ठाण्यांत दाखल झाल्या आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. गटाराचा प्रश्न एका दुपारी सुटण्याजोगा होता. पाणी पाहणारे होते. ‘पाहिले’ म्हणणारे आणि ‘तेवढे दिसत नाही’ म्हणणारे समोरासमोर बसू शकले नाहीत, ही मला त्या प्रकरणातली खरी हानी वाटते.

अर्ज मी कोरा परत केला नाही. नावाच्या रकान्यात मास्तरांचे आणि माईचे अशी दोन नावे लिहिली, आणि दोघेही आता हयात नाहीत हे मला ठाऊक आहे असे समासात नमूद केले. सोबत एक विनंतीपत्र जोडले की चौथा रकाना ठेवावयाचा तर ठेवा, पण त्याखाली पाचवा घाला: ‘प्रतिपक्षाचे कोणते म्हणणे मान्य केले?’ मंडळाने माझी शिफारस अटीवर बोट ठेवून नामंजूर केली, ते नियमाला धरूनच झाले. रकाना मात्र मंजूर झाला आणि पुढील वर्षाच्या अर्जात तो छापून आला आहे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, आपल्या चाळीत, वाडीत, शाळेत किंवा देवळाच्या पायरीवर ज्याच्याविषयी या रकान्यात काही लिहिता येईल असे माणूस वाचकांना ठाऊक असेल, तर त्यांनी त्याचे नाव जवळच्या वाचनालयाकडे धाडावे, आणि ते हयात आहे तोवर धाडावे.