पदवी, कौशल्य आणि साक्ष

पदवीविषयी आमच्या समाजाच्या मनात असलेला आदर केवळ नोकरीपुरता नाही. बाबासाहेबांच्या नावामागून येणारी एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ ही अक्षरे आमच्या वस्तीतील निरक्षर आयाबायांनाही पाठ असत. ज्यांच्या शब्दाला गावच्या चावडीवर किंमत नव्हती, त्यांच्या बाजूने बोलणारा पहिला लेखी साक्षीदार म्हणजे पदवीचा कागद. म्हणून ‘संगणक क्षेत्रात पदवीवाचूनही नोकरी मिळते’ असे कोणी म्हटले की आमच्या पिढीला आधी शंका येते : आमच्या मुलांना पुन्हा दाराबाहेर ठेवण्याची ही नवी युक्ती तर नव्हे?

परंतु उदाहरणे समोर आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत हे दहावीनंतर आयटीआय करून पुण्यास गेले. इन्फोसिसच्या अतिथिगृहात त्यांनी साफसफाईची आणि चहापाण्याची कामे केली. पदवी नसल्याने संगणकावरची नोकरी मिळणार नाही, पण ग्राफिक डिझाइनमध्ये पदवीपेक्षा हात पाहतात, हे कळल्यावर ते काम सांभाळून ती कला शिकले. पुढे त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला. टाळेबंदीत गावच्या डोंगरावरून तो चालवला. तमिळनाडूतील झोहो कंपनी तर बारावी झालेल्या तरुणांना स्वतःच्या शाळेत शिकवून कामावर घेते.

हे का शक्य होते, हे समजून घेतले पाहिजे. वैद्य किंवा वकील यांना परवाना लागतो. संकेतस्थळ बांधणाऱ्यास लागत नाही. त्याने लिहिलेली आज्ञावली चालते की नाही, हे यंत्र तत्काळ सांगते. धम्माचे एक लक्षण ‘एहिपस्सिको’ असे सांगितले आहे : या आणि स्वतः पाहा. या व्यवसायातील कामही तसेच पाहून पारखता येते.

घनसावंगी तालुक्यातील आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल फिटेना म्हणून त्याने बी.एस्सी. दुसऱ्या वर्षी सोडली. मोबाइलवरील धडे पाहत, मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर सराव करत तो दीड वर्ष शिकला. कित्येक ठिकाणी त्याचा अर्ज कोणी उघडूनही पाहिला नाही. शेवटी पुण्यातील एका लहान कंपनीने त्याला बिघडलेले एक पान दुरुस्त करायला दिले आणि दोन दिवसांची मुदत दिली. त्याने ते दुरुस्त केले. शिवाय बिघाड कोठे होता व का होता, हे लिहूनही दिले. त्याच आठवड्यात तो कामावर रुजू झाला. पुढील हंगामात त्याच्या आईवडिलांनी उचल घेतली नाही. या एका वाक्यात आमच्या शाळेचे सार्थक आहे, असे आम्ही मानतो.

तरीही गोष्ट येथे संपत नाही. तीन वर्षांनी मोठ्या कंपनीत अर्ज करताना पदवीचा रकाना रिकामा राहिला आणि त्याचे काम पाहण्याआधीच अर्ज बाद झाला. ज्यांचे काका-मामा अशा कार्यालयांत असतात, त्यांच्यासाठी कोणीतरी आतून शब्द टाकतो. आमच्या मुलांचे आत कोणी नसते. खासगी नोकऱ्यांत आरक्षण नाही; आणि राज्यसेवेची परीक्षा द्यायची तर पदवी हवीच. म्हणजे ज्याला शिफारस नाही, त्याला साक्षीदार दोन लागतात : एक काम आणि दुसरा कागद.

इतिहास मात्र कागदाचीही मर्यादा दाखवतो. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. त्या अपमानानंतर त्यांनी शिक्षण सोडले नाही. ते पुन्हा लंडनला जाऊन पुरे केले. पुढे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. कमाई आणि पदवी यांतील एकच निवडा, असे त्यांनी गरिबाला कधी सांगितले नाही.

आज तीच सोय नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ देते. आमचा तो विद्यार्थी नोकरी सांभाळून तेथे पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. पहिली पायरी म्हणून तो वाईट नाही.

शाळेकडून आमची अपेक्षा माफक आहे. संगणक कक्षाचे कुलूप संध्याकाळीही उघडावे. नववीतील प्रत्येक मुलामुलीने वर्षाकाठी स्वतःचे एक तरी काम पूर्ण करावे आणि ते चारचौघांत, मराठीत व इंग्रजीत, समजावून सांगावे. पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे : घरची गरज असेल तर मूल लवकर कमावते होऊ द्या, पण त्याच्या पदवीचे नाव कापू नका. ती चार वर्षे उशिरा आली तरी चालेल.