मुरलेल्या पाण्याचा माग

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रयोग आपण एरवी माणसांच्या व्यवहारांविषयी करतो. पुण्यात सपाट गच्चीखाली राहणाऱ्यांना त्याचा वाच्यार्थही चांगला परिचित असतो. कोथरूडमधील आमच्या घरात एका आषाढात आईच्या खोलीतील पंख्याच्या हुकाभोवती ओल उमटली. फुगलेला गिलावा तिच्या अंगावर पडण्याचे आणि विजेच्या नळीत पाणी उतरण्याचे भय होते. प्रथम त्या खोलीची वीज बंद केली आणि खाट हलवली. सोसायटीच्या सभेत साऱ्या गच्चीवर नवा कोबा घालण्याची सूचना आली. तिच्या खर्चाचा वाटा प्रत्येक कुटुंबाला जड जाणारा होता.

अशा वेळी नेमके क्रियापद निवडणे हाच निदानाचा आरंभ असतो. ठिबकणे आणि मुरणे या क्रिया एक नव्हेत. ठिबकणाऱ्या पाण्याची जागा डोळ्यांना दिसते. मुरणारे पाणी शिरते एकीकडे आणि प्रकटते दुसरीकडे. कौलारू वाड्यात आढ्याचे पाणी वळचणीला जाई आणि फुटके कौल बहुधा गळतीच्या आसपासच सापडे. सपाट स्लॅबला ना आढे, ना वळचण. कोब्याखाली शिरलेले पाणी उताराने लांबवर सरकते.

कोरड्या दिवसांत ओल वाढत नव्हती. म्हणजे दोष घरातील नळांचा नव्हता, पावसाच्या वाटेचा होता. हुकापासून ६ फुटांवर, उताराच्या वरच्या अंगाला, सांडपाण्याच्या नळांतील वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप गच्चीतून वर निघतो. उघडीप मिळताच त्याच्या बुडाभोवती विटा-मातीची पाळ बांधून तेवढ्याच जागी पाणी साठवले. २४ तासांच्या आत हुकाशी ओल ताजी झाली.

उन्हात प्लास्टिक सिमेंटपेक्षा कितीतरी पट अधिक प्रसरण पावते, म्हणून दोहोंमधील सांधा हळूहळू उकलतो. गवंड्याने जुना मसाला दोन बोटे खोल खरवडला, पॉलिमर मिसळलेला मसाला ठासून भरला आणि पाइपभोवती बाहेर उतरणारा ‘वाटा’ काढला. खर्चाचा वाटा निराळा, गवंड्याचा निराळा: सांध्यावर पाणी थांबू नये म्हणून दिलेला हा गोलसर उतार. त्यावर जाळी बसवून लवचीक लेप पाइपवर वीतभर उंचीपर्यंत चढवला. लेप पूर्ण वाळल्यावर पुन्हा पाळ बांधली, पुन्हा पाणी साठवले. या वेळी ओल आली नाही. साऱ्या गच्चीचा खर्च टळला आणि आईची खाट मूळ जागी आली.

आपल्या परिसरातील गवंडी, नळकारागीर यांच्याशी बोला. पाण्याच्या हालचालींसाठी ते कोणती क्रियापदे वापरतात, ती अर्थभेदांसह नोंदवा.